आधार कोठे आहे?

माझ्या टेबलाच्या खणात एक जुनी चिठ्ठी आहे. आकाराने पोस्टकार्डाच्या निम्मी, कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर माझेच, पण आजच्या मानाने पुष्कळ नेटके. एम. ए.च्या वर्गात असताना एका दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात बसून अठराव्या शतकातील एका पत्राच्या चार ओळी मी तिच्यावर उतरून घेतल्या होत्या. पाऊस न झाल्यामुळे एका गावाने वसुलात सूट मागितली आहे, लोकांनी गुरे विकली आहेत, आणि यंदा तगादा झाला तर गाव उठून जाईल असे पाटलाने कळविले आहे, एवढाच त्या ओळींचा विषय. उताऱ्याखाली मी मोठ्या आत्मविश्वासाने आधार नोंदविला आहे: ‘राजवाडे, २१२’.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड आहेत. माझा २१२ हा आकडा त्यांपैकी कोणत्या खंडातला, हे चिठ्ठी सांगत नाही. तो पृष्ठाचा आकडा की पत्राचा क्रमांक, हेही सांगत नाही. प्रबंध लिहावयास बसलो तेव्हा ही गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी एकेक खंड मिळवून प्रत्येकातील २१२ वे पृष्ठ पाहिले, जेथे तितकी पत्रे होती तेथे २१२ वे पत्र पाहिले. माझे पत्र त्यांत नव्हते. राजवाड्यांनी खंडांच्या बाहेरही मासिकांतून आणि संस्थांच्या वृत्तांतून अपरंपार कागद छापले. ते पत्र त्यांपैकी कोठे असावे. किंवा २१२ हा आकडा पुस्तकाच्या पाठीवर चिकटविलेल्या ग्रंथालयाच्या चिठोऱ्यावरचा असावा, आणि मी तो घाईने पृष्ठांकाच्या जागी लिहिला असावा. माझ्या मार्गदर्शकांनी सारी हकीकत ऐकून घेतली आणि तो उतारा काढून टाकावयास सांगितले. उतारा खरा होता याविषयी मला आजही शंका नाही. परंतु माझ्या खात्रीला दुसऱ्याच्या लेखी काही मोल नव्हते. दुष्काळातल्या त्या गावाचे गाऱ्हाणे एकदा दप्तरातून बाहेर आले होते. माझ्या हलगर्जीपणामुळे ते पुन्हा दप्तरात जाऊन पडले.

ग्रंथालयात टिपणे काढणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांवर असा प्रसंग केव्हा ना केव्हा येतो, आणि पुढे आपण तो हसण्यावारी नेतो. वस्तुतः मराठी इतिहाससंशोधनाचा जन्मच ‘आधार कोठे आहे?’ या प्रश्नातून झाला, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आणि तो प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारणारा माणूस कोणी पंडित नव्हता. तो कॉलेजातला एक विद्यार्थी होता.

जेम्स ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी होता. पेशवाई नुकतीच बुडालेली, साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज बसलेले, दप्तरे सरकारच्या ताब्यात आलेली, आणि त्या घडामोडींत स्वतः भाग घेतलेली माणसे अजून हयात. इतिहास लिहिणाऱ्याला इतकी अनुकूल वेळ क्वचितच लाभते. डफने तिचा लाभ घेतला. जुन्या घराण्यांचे कागद मागविले, त्यांच्या नकला करविल्या, भाषांतरे करविली, आणि स्वदेशी परतल्यावर १८२६ साली लंडनमध्ये मराठ्यांचा इतिहास तीन भागांत प्रसिद्ध केला. पुढे थोड्याच वर्षांत त्याचे मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने झाले, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील मुले शाळेत आपल्याच पूर्वजांचा इतिहास त्या पुस्तकावरून शिकली.

डफवर आपल्याकडे पुष्कळ टीका झाली आहे आणि तीतील बरीच रास्त आहे. पण एका बाबतीत त्याला न्याय दिला पाहिजे. तो आधार लपविणारा लेखक नव्हता. त्याच्या पानांच्या तळाशी टिपा आहेत. अमुक मजकूर अमुक मराठी हस्तलिखितावरून घेतला असे तो सांगतो. इतकेच नव्हे, तर त्यांच्या नकला आपण मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्या आहेत, असेही नमूद करतो. ही सोसायटी १८०४ साली स्थापन झालेली. पुढे तीच रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. वाचकाला शंका आली तर त्याने तेथे जावे, कागद मागून घ्यावा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, अशी ही सोय होती. १८२६ साली याहून अधिक सचोटी कोणत्या इतिहासकाराकडून अपेक्षावी?

चाळीसएक वर्षांनी, १८६७-६८च्या सुमारास, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने आपल्यासारख्याच तरुणांच्या एका सभेपुढे डफच्या बखरीवर टीकात्मक निबंध वाचला. वय विशी ओलांडलेले, हाती अधिकार कोणताही नाही, आणि समोर साहेबाचा सर्वमान्य ग्रंथ. तरीही निबंधात उर्मटपणा नाही. डफच्या श्रमांची कदर करूनच त्याने त्याच्या उणिवा दाखविल्या. लढायांच्या हकीकती आहेत पण लोकांची स्थिती नाही, राज्यकारभाराची अंतर्गत व्यवस्था नाही, हा त्यांतील एक आक्षेप. दुसरी गोष्ट अधिक खोलवर जाणारी होती. ज्या कागदांच्या नकला सोसायटीत ठेवल्याचे डफ सांगतो, त्या शोध घेणाऱ्यांना मिळेनात. त्या जाळून टाकण्यात आल्या अशी वदंताही उठली. पुढे १८९२ साली न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग मराठी बखरींवर इंग्रजीत निबंध लिहावयास बसले, तेव्हा त्यांनाही या प्रकरणाची दखल घ्यावी लागली.

वदंता खरी असो वा खोटी, व्हावयाची ती हानी झाली होती. तळटीप जागच्या जागी होती, ग्रंथाचे नाव होते, ठेवल्याचे ठिकाणही लिहिलेले होते. त्या ठिकाणी कागद मात्र नव्हता. पत्ता बरोबर पण घर पाडलेले, अशी ही अवस्था. यापुढे डफचे विधान खोडून काढावयाचे झाले तरी हाती काही नाही, आणि त्याचे समर्थन करावयाचे झाले तरी हाती काही नाही. डफने त्या कागदातून काय घेतले, काय गाळले, कोणता शब्द कसा लावला, हे तपासण्याची वाट बंद झाली.

आपल्याकडील पुढच्या पिढीने यावर शोधलेला उपाय मला जगातील इतिहासलेखनाच्या दृष्टीनेही लक्षणीय वाटतो. केवळ आधाराचा उल्लेख करून भागत नाही. आधारच छापून काढू, म्हणजे तो शंभर ठिकाणी राहील आणि एका कपाटाच्या दैवावर विसंबून राहावे लागणार नाही, असे तिने ठरविले. १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला आणि बखरी छापून वाचकांच्या हाती येऊ लागल्या. मिरजेत शाळामास्तर असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने प्रसिद्ध करण्यास १८९७च्या सुमारास प्रारंभ केला. १८९८ साली राजवाड्यांचा पहिला खंड बाहेर पडला. वाईस मिळालेल्या कागदांतून १७५० ते १७६१ या पानपतापर्यंतच्या काळातील पत्रे त्यात आहेत. राजवाडेही डेक्कन कॉलेजचेच विद्यार्थी. वर्गापेक्षा स्वतःच्या वाचनावर अधिक विसंबणारे. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले.

या मंडळींनी पत्र छापताना त्याला क्रमांक दिला. ‘लेखांक’ हा शब्द अशा ग्रंथांतून आपल्या परिचयाचा झाला. ही साधीशी गोष्ट फार उपयोगाची आहे. पृष्ठाचा आकडा आवृत्ती बदलली की बदलतो. लेखांक बहुधा बदलत नाही. म्हणून छापील पत्राचा आधार देताना खंड आणि लेखांक द्यावा, पृष्ठांक सोयीसाठी जोडावा. मूळ दप्तरातील कागद असेल तर तो कोणत्या रुमालातला हे लिहावे लागते. कारण आपल्याकडील दप्तरे कापडात बांधलेली असतात आणि त्या कापडाच्या बस्त्यालाच रुमाल म्हणतात. रुमालाचा आकडा चुकला तर ते पत्र पुन्हा सापडणे म्हणजे गंजीत सुई शोधणे होय.

आधार नोंदविणे जितके कठीण तितकेच तो ओळखणे कठीण. मराठी पत्रांत महिना बहुधा मुसलमानी असतो, तिथीऐवजी चंद्र असतो, आणि वर्ष दिलेच तर ते अरबी संख्याशब्दांत. ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ असे लिहिलेले दिसले म्हणजे नवख्या विद्यार्थ्याला तो मंत्रच वाटतो. अर्थ सरळ आहे: दोन, नव्वद, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११९२, इसवी सनाचे १७९१-९२. परंतु पुष्कळ पत्रांत वर्ष मुळीच नसते. पाठविणाऱ्याला आणि घेणाऱ्याला चालू साल ठाऊक होते. दोनशे वर्षांनी कोणी तिसराच ते पत्र वाचील, ही कल्पना त्यांना कशी असावी? मग पत्रात कोणाच्या मृत्यूचा उल्लेख आहे, फौजा कोठे आहेत, अधिक महिना कोणता, ग्रहण लागले होते काय, हे सारे जुळवून संपादक साल ठरवितो. असे अनुमानाने ठरविलेले साल संपादकाचे असते, पत्राचे नव्हे. उतारा घेणारा हा भेद चिठ्ठीवर लिहीत नाही, आणि पुढच्या पुस्तकात ते अनुमान पत्रलेखकाच्याच तोंडचे होऊन बसते.

राजवाड्यांचीच एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची एक अतिप्राचीन प्रत छापून प्रसिद्ध केली. ती पोथी एकनाथपूर्व काळातील आहे, असे त्यांचे म्हणणे. तिच्यातील भाषेवर त्यांनी व्याकरण लिहिले, अभ्यासकांनी वाद घातले. आजही ‘राजवाडे प्रत’ या नावाने ती ओळखली जाते. परंतु ज्या पोथीवरून ती छापली ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. तिची लिपी, तिचा कागद, तिच्यातील खाडाखोड यांविषयी जे काही आपणास ठाऊक आहे ते राजवाड्यांच्याच सांगण्यावरून. समकालीन कागदावाचून एक पाऊल पुढे टाकू नये असे आयुष्यभर बजावणाऱ्या माणसाच्या वाट्याला डफसारखीच स्थिती यावी, हा दैवाचा खेळ विलक्षण आहे. राजवाड्यांबद्दलचा माझा आदर यामुळे कमी होत नाही. पण मोठ्या माणसाचा शब्द हा कागदाची जागा घेऊ शकत नाही, हे या उदाहरणाने मला जितके पटले तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकाने पटले नाही.

आता साक्षीदार किती आहेत, या प्रश्नाकडे वळू. शिवाजीमहाराजांच्या जन्मतिथीचा वाद आपणांपैकी अनेकांनी ऐकला असेल. डफने जन्माचे साल १६२७ दिले. उत्तरकालीन अनेक बखरींत शके १५४९, म्हणजे तेच साल, दिलेले आहे. एवढ्या बखरी एकमुखाने बोलत असता शंकेला जागा ती कोठली? पण या बखरी महाराजांच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनी लिहिल्या गेल्या. मल्हार रामराव चिटणीसांची बखर तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. एकाने लिहिले, दुसऱ्याने ते घेतले, तिसऱ्याने दुसऱ्यावरून उतरविले, तर साक्षीदार तीन होत नाहीत. एकाच साक्षीदाराचा आवाज तीन भिंतींवरून उमटतो, इतकेच.

भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडील एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्मतिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. इसवी सनाप्रमाणे १९ फेब्रुवारी १६३०. एका शकावलीवरून सर्व बखरी खोट्या कशा ठराव्यात, असा प्रश्न साहजिकच निघाला. नंतर महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातून उजेडात आले आणि १९२७ साली सदाशिव महादेव दिवेकरांनी ते छापले. त्यात तीच तिथी. राजस्थानात जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात जुन्या राजपुरुषांच्या जन्मकुंडल्या होत्या. गौरीशंकर ओझा यांच्यामुळे त्या प्रकाशात आल्या. त्यांत शिवाजीमहाराजांची कुंडली होती आणि तिथी पुन्हा तीच. कारी, तंजावर आणि जोधपूर ही तीन ठिकाणे नकाशावर पाहा. एकाने दुसऱ्याची नक्कल करावी असा तिघांचा परस्परसंबंध नाही. म्हणून हे तीन आधार खरोखर तीन आहेत. पुढे महाराष्ट्र शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मान्य केली.

पण हा हिशेब करता येतो तो लेखकाने आपण काय पाहिले हे लिहून ठेवले तरच. याचा मला आलेला अनुभव लहान आहे, पण बोधप्रद आहे. एका नामांकित ग्रंथात एका पत्राचा आधार दिलेला होता, लेखांक १२७. मी तो तसाच उतरून घेतला. दुसऱ्या दोन पुस्तकांतही त्याच विधानाला तोच आधार, लेखांक १२७. तीन विद्वानांचे एकमत पाहून मी निश्चिंत झालो. एके दिवशी दुसऱ्याच कामासाठी तो खंड हाती होता म्हणून सहज १२७ वा लेखांक उघडला, तर तेथे कोणा भटजीला वर्षासन दिल्याचा कागद. विधानाशी त्याचा सुतराम संबंध नाही. थोडे पुढे चाळले तेव्हा हवे असलेले पत्र सापडले. लेखांक १७२. पहिल्या ग्रंथात छापताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती, आणि पुढच्या दोघांनी मूळ खंड न उघडताच टीप उचलली होती. माझा नंबर चौथा लागला असता. कोणी कोणाची वही पाहून लिहिले हे वर्गातल्या मास्तरांना सारख्या चुकीवरून कळते, तसेच हे. दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा घेण्यात कमीपणा काहीच नाही. मूळ ग्रंथ मिळत नसेल तर तसे करावेच लागते. अमुक ग्रंथात उद्धृत, एवढे तीन शब्द जोडले की लेखक सचोटीचा ठरतो. ते गाळले की न पाहिलेल्या कागदाची साक्ष त्याने दिली असे होते.

उद्धृत करणाऱ्यांचे उपकार किती मोठे असू शकतात, हे पाहावयाचे असेल तर धर्मशास्त्राच्या ग्रंथांकडे जावे. कात्यायनाची व्यवहारावरील स्मृती, म्हणजे न्यायदानाविषयीचा ग्रंथ, स्वतंत्रपणे आपल्यापर्यंत पोचलेली नाही. मात्र मिताक्षरा, अपरार्क, स्मृतिचंद्रिका यांसारख्या टीकांतून व निबंधांतून तिचे श्लोक जागोजाग घेतलेले आहेत, आणि प्रत्येक वेळी कात्यायनाचे नाव दिलेले आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी हे श्लोक वेचून, विषयवार लावून १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मुंबईत वकिली सांभाळून ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा पाच खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९३० ते १९६२ या काळात पुरा करणाऱ्या या पुरुषाला असल्या वेचणीचा कंटाळा ठाऊक नव्हता. पुढे १९४१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत बृहस्पतिस्मृतीचीही अशीच जुळणी प्रसिद्ध झाली. जुन्या टीकाकारांनी ‘कात्यायन म्हणतो’ इतके तरी लिहिले म्हणून हा ग्रंथ अंशतः वाचला. पण त्यांनी अध्याय सांगितला नाही, श्लोकाचा क्रम सांगितला नाही. त्यामुळे मूळ ग्रंथाची मांडणी कशी होती हे आता अनुमानावर राहिले. शिवाय एका निबंधकाराने कात्यायनाच्या नावावर घातलेला श्लोक दुसरा निबंधकार भलत्याच स्मृतिकाराला देतो. मला येथे पुन्हा माझी चिठ्ठी आठवते. मी निदान एक आकडा तरी लिहिला होता, असे समाधान करून घ्यावे काय?

कीर्तने आणि राजवाडे ज्या डेक्कन कॉलेजात शिकले, ते १९३४ साली बंद पडले आणि १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. तेथे १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम हाती घेतले. प्रत्येक शब्द प्रथम कोठे आला, कोणत्या अर्थाने आला, पुढे अर्थ कसा पालटला, हे सप्रमाण दाखवावयाचे, असा त्याचा संकल्प. त्यासाठी ऋग्वेदापासून पुढचे सुमारे १,५०० ग्रंथ वाचून शब्द टिपण्यात आले, आणि या टिपणचिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटीपर्यंत गेली. कोशाच्या पहिल्या खंडाचा पहिला भाग १९७६ साली अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली निघाला, म्हणजे प्रारंभापासून अठ्ठावीस वर्षांनी. काम अजून चालू आहे.

या एक कोटी चिठ्ठ्यांकडून कॉलेजातल्या विद्यार्थ्याने शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. चिठ्ठी लिहिणारा माणूस एक ग्रंथ ओळीने वाचीत जातो. परंतु लिहून झाल्यावर चिठ्ठ्या ग्रंथाच्या क्रमाने राहत नाहीत, त्या अक्षरांच्या क्रमाने लागतात. शेजारी बसलेल्या दोन चिठ्ठ्यांचा जन्म दोन हजार वर्षांच्या अंतराने झालेला असू शकतो. म्हणून प्रत्येक चिठ्ठीला आपला पत्ता स्वतःच बाळगावा लागतो: ग्रंथाची खूण, अध्याय, श्लोक. आपल्या तळटिपांत मागचाच ग्रंथ पुन्हा सांगावयाचा झाला म्हणजे ‘तत्रैव’ किंवा ‘कित्ता’ लिहिण्याची चाल आहे. छापील पानावर ती ठीक. टिपणाच्या चिठ्ठीवर मात्र ‘कित्ता’ हा शब्द घातक. वाऱ्याने चिठ्ठ्या उडाल्या, किंवा प्रकरणे लावताना त्यांचा क्रम बदलला, की तो ‘कित्ता’ कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. अक्षर वळणदार व्हावे म्हणून शाळेत गिरवतात तोही कित्ताच; तेवढाच कित्ता विद्यार्थ्याने ठेवावा.

तेव्हा मी विद्यार्थ्यांना सांगत असे की, उतारा लिहिण्याच्या आधी पत्ता लिहा. पुस्तक उघडल्याबरोबर प्रथम मुखपृष्ठाच्या आतील पान पाहा. लेखक, संपादक, ग्रंथ, खंड, आवृत्ती, साल आणि प्रकाशनाचे ठिकाण तेथून घ्या, पुठ्ठ्यावरून नव्हे, कारण पुठ्ठा पुष्कळदा बांधणाऱ्याने बदललेला असतो. मग पृष्ठ किंवा लेखांक, आणि आकड्यापूर्वी तो कशाचा आहे ते अक्षरांनी. ग्रंथालयाचे नाव आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक निराळा लिहा. शब्दशः उतारा असेल तर अवतरणचिन्हे घाला. आपल्या शब्दांत सारांश असेल तर तसे नमूद करा. मधला मजकूर गाळला असेल तर टिंबे द्या. स्वतःची शंका चौकटी कंसात ठेवा, म्हणजे वर्षभराने ती पत्रलेखकाची वाटणार नाही. हे सारे लिहावयास दीड मिनिट लागते. मी एकदा घड्याळ लावून पाहिले आहे.

आता चिठ्ठ्या कोणी लिहीत नाही. गेल्या वर्षी एक मुलगा पेशवाईतील पाणीपुरवठ्यावर काम करीत होता. त्याने आपल्या फोनमध्ये ग्रंथालयातील पुस्तकांची तीनशेहून अधिक पाने छायाचित्रे काढून आणली होती. चित्रे स्वच्छ होती. माझ्या चार ओळींच्या जागी त्याच्याजवळ सबंध पान होते, उतरून घेताना होणाऱ्या चुका त्यात नव्हत्या. मला त्याचा हेवा वाटला. मी एका पानावर बोट ठेवून विचारले, “हे कोणत्या पुस्तकातले?” त्याने पान मागे सरकविले, पुढे सरकविले. वर प्रकरणाचे नाव होते, खाली ८८ हा आकडा होता. ग्रंथाचे नाव कोठेच नव्हते. दुसरे एक पान त्याने संगणकावर पाहिलेल्या प्रतीतून घेतले होते. तेथे पडद्यावरचा पृष्ठांक एक होता आणि पानावर छापलेला दुसराच, कारण प्रस्तावनेची पाने संगणकाने मोजली होती आणि मुद्रकाने निराळी धरली होती. मुलगा हुशार होता. त्याने फोन खिशात घातला आणि ग्रंथालय बंद व्हावयास पाऊण तास आहे असे म्हणून तो निघालाच. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्याजवळ प्रत्येक पुस्तकाच्या आतील पानाचे चित्र होते. तीन पुस्तके मात्र त्या अवधीत कोणीतरी घरी नेली होती.

त्याला मी माझी चिठ्ठी दाखविली. त्याने ती उलटसुलट पाहिली, त्या पाटलाचे गाव कोणते असे विचारले, आणि चार ओळी संगणकावर घालून पाहतो म्हणाला. त्याने प्रयत्न केला, मिळाले नाही. जुने मराठी ग्रंथ पुष्कळसे अद्याप अक्षरांनी शोधता येत नाहीत. चिठ्ठी पुन्हा खणात आहे. जुन्या पत्रांचा एखादा खंड नव्याने हाती आला, म्हणजे अनुक्रमणिका किंवा प्रस्तावना पाहण्यापूर्वी मी २१२ वा लेखांक उघडतो, आणि त्यानंतर २१२ वे पृष्ठ.